मानेवर बांधलेला लगाम

सकाळी चहाच्या वेळी लेकीनं विषय काढला आणि दुपारपर्यंत घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. लेक इस्पितळात परिचारिका होती. चिकटलेली पट्टी हळूहळू सोडवत बसण्यापेक्षा एकदम ओढावी, दुखायचं ते एकदाच दुखतं, हे तिचं मत ती माहेरी आल्यावरही सोडत नसे. कप अजून हातात होते तेवढ्यात तिनं सांगून टाकलं की वहिनीला पुन्हा लग्न करायचं आहे. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो त्या शांत माणसाशी. त्याला दुसऱ्या शहरात काम मिळालं आहे, शनिवारी तो निघणार, आणि वहिनीनं त्याच्याबरोबर जावं.

आईनं कप खाली ठेवला. "माझा मुलगा आला म्हणजे त्याला काय सांगू?" एवढंच ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

तो मुलगा म्हणजे भिंगऱ्या. लहानपणापासून पायाला भिंगरी, म्हणून आजीनं ठेवलेलं नाव. पुढे घोडदळात टेहळणीवर गेला तेव्हा अख्ख्या गल्लीला ते नाव पटलं. टेहळणीवरूनच तो परत आला नाही. त्याला सात वर्षं होत आली होती. लष्कराच्या कचेरीनं त्याला केव्हाच मृत धरलं होतं. सुनेला हवं असतं तर ती कधीच जाऊ शकली असती, आणि गल्लीतल्या बायका तिला तसं सुचवतही असत. पण कचेरीच्या शिक्क्यानं तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नव्हता. तिला आईंच्या तोंडून 'जा' हवं होतं.

हे तिला कोणाला समजावून सांगता येत नसे. नवऱ्याबरोबर तिचा संसार झाला तो तुकड्यातुकड्यांनी, सगळे तुकडे जोडले तरी वर्ष भरलं नसतं. सासूबरोबर मात्र तिनं नऊ वर्षं काढली होती. तापात कपाळावर हात कोणाचा, तर आईंचा. भांडायला कोण, तर आईच. नवऱ्याचा चेहरा आता तिला मुद्दाम आठवावा लागे. पाठ मात्र लगेच आठवायची, कारण तिनं तीच जास्त पाहिली होती. पायदळातल्यांच्या बायका नवऱ्याला निरोप द्यायला स्टेशनवर जात. तिथे वाजंत्री असे, रडायला सोबत असे. टेहळ्याच्या बायकोला पहाटे उशी गार लागली की समजायचं. कुठे जाता असं विचारलं तर भिंगऱ्या म्हणायचा, वारा खायला. लगामाच्या कड्यांना चिंध्या गुंडाळायचा, म्हणजे वाजू नयेत, आणि जायचा. शेवटच्या वेळी ती जागी होती. झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली होती, कारण विचारलेलं त्याला आवडत नसे. या गोष्टीचं तिला अजून वाईट वाटे.

स्वयंपाकघरात आई कांदा चिरत होती, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याला कारण सांगावं लागत नव्हतं. सुनेवर तिचा राग नव्हता. राग होता तो पोटच्या लेकीवर. सख्ख्या भावाला मेलेला म्हणायला ही एवढी उतावीळ का, हे तिला समजत नव्हतं.

मागच्या दाराशी, पायरीखाली, जस्ताचा जुना टब होता आणि त्याच्या शेजारी मिठाचा डबा. ही या घराची जुनी रीत. भिंगऱ्याचे वडील, हवालदार, पायदळात होते तोवर दर रजेला फोड आलेले पाय घेऊन यायचे, आणि आधी टबातल्या कोमट मिठाच्या पाण्यात पाय, मग बाकीचं बोलणं. सैनिक घरी येतो तो चालत आणि फोड घेऊन, दुसऱ्या तऱ्हेनं येणं आईला ठाऊकच नव्हतं. भिंगऱ्याची घोडी एकटी परत आली तेव्हा तिनं मनाशी हिशेब मांडला तो असा: घोडी नाही, म्हणजे पोरगा चालत येणार, म्हणजे वेळ लागणार. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी टबात ताजं पाणी भरून ठेवी आणि सकाळी झाडांना घाली. पाणी वाया जात नाही ना, मग तुमचं काय जातं, असं तिनं एकदा लेकीला ठणकावलंही होतं.

जेवायला सगळे बसले, पण बसण्यातच दोन पक्ष पडलेले दिसत होते. एका बाजूला हवालदार आणि आई, दुसऱ्या बाजूला लेक आणि सून. काका नेहमीप्रमाणे उशिरा आले. मागच्या तबेल्यावरच्या खोलीत ते राहत, आणि खाली भिंगऱ्याची म्हातारी काळी घोडी. अंगाला गवताचा वास घेऊन ते आले, हात धुतले आणि दाराजवळच्या त्यांच्या खुर्चीवर बसले.

हवालदार आणि काका एकाच आईच्या पोटचे, पण एक पायदळात मुरलेला आणि दुसरा घोड्यावर वाळलेला. हवालदार सगळ्यांची ताटं वाढल्याशिवाय घासाला हात लावत नसत आणि शेवटच्या माणसाचं होईपर्यंत उठत नसत. काकांचं जेवण कोणाच्या लक्षात यायच्या आत संपलेलं असे. हवालदार चार माणसांच्या घोरण्याशिवाय झोपू शकत नसत. काकांना शेजारी कोणी श्वास घेतला तरी जाग येई, म्हणून तर बायको केली नाही, असं ते थट्टेत सांगत. पायदळवाला तक्रार करायला जन्मतो आणि टेहळ्या ती ऐकायच्या आत पसार होतो, हा घरातला जुना विनोद होता. भिंगऱ्या गेल्यापासून तो कोणी केला नव्हता.

हवालदारांनी घसा खाकरला. त्यांना शांतपणे बोलायचं होतं, पण परेडच्या मैदानावर कमावलेला आवाज शांत व्हायला तयार नसतो. सुनेच्या सुखाच्या आड आपण नाही, पोरगी गुणी आहे, छापखान्यातला तो जुळारीही भला माणूस दिसतो, हे सगळं त्यांनी आधी सांगितलं. मग ते मुद्द्यावर आले.

"पायदळात माणूस मरतो ना, तेव्हा तो मेलेला असतो," ते म्हणाले. "डावीकडचा बघतो, उजवीकडचा बघतो. कोणीतरी बूट घेऊन घरी येतं, आईसमोर बसतं, कसा गेला ते सांगतं. थोडं खोटं सांगतं, पण सांगतं. माझ्या हाताखालचे जितके गेले, तितक्यांच्या घरी मी स्वतः गेलोय. यांच्या घोडदळात काय? एकटा जातो. आला तर आला. साक्षीला कोण, तर घोडी."

"टेहळणीला एकट्यानंच जातात, दादा," काका ताटाकडे बघत म्हणाले. "दोघांचा आवाज होतो."

"हो ना. आणि बघून पळून यायचं. आम्ही चिखलात पाय रोवून उभे, आणि तुम्ही लांबून बघून पळणारे. पोराला मी सांगत होतो, माझ्या पलटणीत ये. चार माणसांत राहशील, निदान एकटा तरी..." त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

लेकीनं हळू आवाजात विचारलं की मग बाबांचं म्हणणं काय, वहिनीनं अजून किती थांबायचं? त्यावर आई पहिल्यांदा बोलली. तिनं दाराच्या चौकटीशेजारी बोट केलं.

तिथे खुंटीवर घोडीचा लगाम टांगलेला होता. लांब पट्टे गोळा करून वर एक गाठ मारलेली, घट्ट आणि नेटकी. घोडी परत आली तेव्हा लगाम असाच तिच्या मानेवर बांधलेला होता, आणि ती गाठ तशीच ठेवून आईनं तो डोक्यावरून उतरवून घेतला होता. दर आठवड्याला ती त्या चामड्याला तेल लावी, गाठीला मात्र हात लावू देत नसे.

"मेलेला माणूस गाठ मारतो का?" आई म्हणाली. "त्याचे हात शाबूत होते. डोकं ठिकाणावर होतं. हे मी नाही म्हटलं, यांनीच सांगितलं मला."

ते खरं होतं. हवालदारांनीच सांगितलं होतं. त्या दिवशी काका तळावरून घोडीला आणून अंगणात उभे होते, बायको भिंतीला टेकून खाली घसरत चालली होती, आणि हवालदारांना ती गाठ दिसली. मोडक्या हाताची, घाबरलेल्या माणसाची गाठ कशी असते हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. ही तशी नव्हती. ते चक्क हसले होते. 'बघ, पोरानं सावकाश बांधलंय. कुठेतरी लपलाय, घोडी दिसू नये म्हणून पुढे पाठवली. येईल चालत.' पायदळातल्या माणसाला सुचावं तसंच ते सुचलं होतं. पुढे त्यांचा स्वतःचा विश्वास हळूहळू विरत गेला, पण बायकोला दिलेला शब्द परत कसा घ्यायचा ते त्यांना जमलं नाही. रोज संध्याकाळी टबात पाणी पडल्याचा आवाज ऐकला की ते वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरत.

कोणी जेवत नव्हतं. आणि मग सून बोलली. सकाळपासून तिच्यावरून एवढं सगळं चाललं होतं, पण तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"काका, तुम्ही दाराकडे पाठ करून का बसता?"

प्रश्न असा आडवळणाचा होता की हवालदारांच्या कपाळाला आठी पडली. पण सून थांबली नाही. हे कधी दाराकडे पाठ करत नसत, ती नवऱ्याबद्दल म्हणाली. हॉटेलात गेलो तरी आधी दार दिसेल अशी जागा बघायचे. विचारलं तर म्हणायचे, काकांनी लावलेली सवय आहे, टेहळ्याची पाठ दाराला लागली की समजावं तो मेला. आणि तुम्ही तर सात वर्षं याच खुर्चीवर बसता. खुर्ची फिरवलीत तर समोर काय दिसतं? दार आणि तो लगाम.

काकांनी हात पुसले. बराच वेळ पुसले.

त्यांना वाटलं होतं, हा प्रश्न कधीतरी दादा विचारील, आणि दादा विचारील तेव्हा तो रागानं विचारील, म्हणजे सांगणं सोपं जाईल. या पोरीनं विचारलं ते मायेनं. टेहळ्याचं काम म्हणजे बघायचं आणि जे पाहिलं ते येऊन सांगायचं. वाटलेलं सांगायचं नाही आणि पाहिलेलं दडवायचं नाही. उभ्या नोकरीत त्यांनी वाईटातली वाईट बातमी खोगिरावरून उतरायच्या आत सांगितली होती. फक्त एक बातमी त्यांना स्वतःच्या भावाच्या अंगणात सांगता आली नव्हती.

"घोड्यावरून उतरून परत यायचं असेल," काका म्हणाले, "तर लगाम जमिनीवर सोडतात. आमचा घोडा लगाम खाली पडला की जागचा हलत नाही. दिवसभर उभा राहील."

लेकीच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की तिला उमगलं आहे. परिचारिकांना अशा वेळी लवकर उमगतं. पण सांगायचं होतं ते वहिनीला, भिंगऱ्याच्या आईला, म्हणून ते तिच्याकडे वळले.

"मानेवर बांधतात, वहिनी, ते घोड्यानं एकट्यानं घरी जावं म्हणून. लगाम पायात अडकू नये. पाय ठेवायच्या रिकिबी खोगिरावर आडव्या टाकायच्या, म्हणजे पळताना बरगड्यांवर आपटत नाहीत. पोटाचा पट्टा थोडा ढिला करायचा, म्हणजे दम लागत नाही. घोडी आली तेव्हा हे सगळं केलेलं होतं. एकही गोष्ट राहिली नव्हती."

"आणि स्वार?" आईनं विचारलं.

"स्वार येत नाही. येणार असेल तर बांधतच नाही."

हवालदार उठून उभे राहिले. शेवटच्या माणसाचं जेवण व्हायच्या आधी ते उठले, असं त्या टेबलाशी पहिल्यांदाच झालं. "तुला ठाऊक होतं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मी अंगणात हसलो. आणि तू बघत उभा होतास."

"तुझं हसू बघून तर गप्प बसलो, दादा. वाटलं, आज राहू दे, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वहिनीनं टब भरला."

मग त्यांनी उरलेलंही सांगितलं, कारण आता थांबण्यात अर्थ नव्हता. टेहळ्या परतू शकला नाही तर घोडा ज्या वाटेनं येतो ती वाट हीच बातमी असते: इकडे शत्रू आहे, इकडे येऊ नका. काळी घोडी खिंडीच्या बाजूनं आली. त्या संध्याकाळी पायदळाची एक पलटण खिंडीतून निघणार होती. ती वळवली.

"कोणती?" हवालदारांनी विचारलं, पण त्यांच्या तोंडावर दिसत होतं की त्यांनी ओळखलं आहे.

"तुझी जुनी."

हवालदार पुन्हा खाली बसले. त्यांच्या पलटणीतले लोक अजून अधूनमधून त्यांना भेटायला येत. याच टेबलाशी बसून पोटभर जेवत, मोठमोठ्यानं हसत, आणि जाताना मुलाचं काही कळलं का म्हणून विचारत. हवालदारांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. रडताना त्यांनी कधी कोणाला दिसू दिलं नव्हतं. त्या दुपारी ते सगळ्यांदेखत रडले. काकांनी त्यांच्या खांद्याला हात लावला नाही, पण खुर्ची जवळ ओढली. इतकी वर्षं एका छपराखाली राहून हे दोघे भाऊ इतके जवळ बसले नव्हते.

आई रडत नव्हती. ती लगामाकडे बघत होती. "बांधताना त्याला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"घाईत बांधलाय का?"

"नाही, वहिनी. मी शिकवला तसाच बांधलाय. मला इतका नीट येत नाही."

"एकटाच होता तिथे."

"घोडी होती," काका म्हणाले. "घोडी जाईपर्यंत एकटा नव्हता."

आईनं मान हलवली, जणू हे तिला पुरेसं नव्हतं पण घ्यावं लागणार होतं. मग ती उठली आणि तिनं लगाम खुंटीवरून काढला. ही गाठ पुढे सोडतात का, तिनं विचारलं. काका म्हणाले, सोडतात. घोडा ज्याच्याकडे पोचतो त्यानं सोडायची. तीच स्वाराला पोच: घोडा मिळाला, बातमी मिळाली, तुझं काम झालं. तळावर ती आपणच सोडायची होती, पण हात पुढे केला आणि जमलं नाही.

"म्हणजे सात वर्षं," आई म्हणाली, "त्याला कोणी पोचच दिली नाही."

आता तिचा आवाज फाटला. सून उठून तिच्याजवळ गेली. हवालदारांनी हात पुढे केला, घट्ट झाली असेल, मी सोडवतो म्हणाले. आईनं लगाम छातीशी धरला आणि नको म्हणून मान हलवली. कोणतं टोक ओढायचं ते काकांनी नुसत्या बोटानं दाखवलं.

सगळ्यांना वाटलं होतं, इतक्या वर्षांची गाठ, आता सुरी लागेल. पण दर आठवड्याला तेल पिऊन चामडं मऊ राहिलं होतं. आईनं टोक ओढलं आणि गाठ एका ओढीत सुटली. ती बांधलीच होती तशी, कोणालाही सहज सुटावी अशी. पट्टे लांब होऊन जमिनीवर पडले.

"पोचली रे," आई म्हणाली. "घोडी पोचली. केव्हाच पोचली." आणि ती खाली बसून रडू लागली, मोकळ्या आवाजात, शेजारपाजारचा विचार न करता. सून तिला धरून बसली होती आणि तीही रडत होती, नवऱ्यासाठी, आणि झोपेचं सोंग घेतलेल्या त्या पहाटेसाठी. लेकीनं दोघींच्या अंगावरून हात फिरवला आणि कोणालाही गप्प राहा म्हटलं नाही.

ऊन उतरल्यावर काकांनी लगाम तबेल्यात नेला. काळीनं तो हुंगला आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. हवालदार मागच्या दारी गेले, टब उचलून त्यांनी पालथा घातला आणि तिथेच पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळानं काका त्यांच्या शेजारी येऊन बसले. दोघांत काय बोलणं झालं ते कोणी ऐकलं नाही. फारसं झालं नसावं.

आईनं तोंड धुतलं, केस बांधले आणि अन्न गरम करून सगळ्यांची ताटं पुन्हा वाढली. सुनेच्या ताटात वाढताना तिचा हात थांबला. शनिवारची गाडी कधी आहे, तिनं विचारलं. सकाळची, सून म्हणाली. मग वाटेत खायला काय देऊ, थंडी असते का तिकडे, त्याच्याकडे जाड चादर आहे का, असं एकेक विचारत ती ताटाभोवती घुटमळत राहिली. सून एकेकाचं उत्तर देत होती.

"जा," आई शेवटी म्हणाली. तिनं डाव रिकाम्या पातेल्यात ठेवला आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

"आणि पोचलीस की कळव. लगेच."